पढवलेले साक्षीदार

आम्हाला दोन साक्षीदार हवे होते,
एकमेकांना न ओळखणारे.
म्हणून सिलिकॉनच्या एका तुकड्यावर मी दोन पडदे कोरले,
एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील इतके पातळ,
आणि मुद्दामच सारखे कापले नाहीत.
एक सेकंदाला बारा लाख वेळा थरथरतो,
दुसरा बारा लाख पाचशे एकोणसाठ.
दोघांनी आपापलं पाहून एकच सांगितलं
तर ते खरं धरायचं, असं ठरलं होतं.

सांप्साने तफावतीला स्पीकर जोडला.
तो विद्यार्थी. मी इथली तंत्रज्ञ,
एकतीस वर्षं युवास्कुलाच्या या तळघरात
डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू कापते आहे.
स्पीकरमधून एक सूर आला, कोरडा, लाकूड तासल्यासारखा.
"हे त्यांचं वेगळेपण, आइला," तो म्हणाला.
"ऐकू येतंय?"

आम्ही लेझर वाढवला, पडदे जोरात हलू लागले
आणि सूर उतरायला लागला.
पाचशे. तीनशे. नव्वद.
मग सूर राहिलाच नाही, नुसते ठोके उरले,
दोन ठोक्यांमध्ये लांबत जाणारं अंतर:
बराच वेळ दोघे जवळजवळ बरोबर चालायचे,
मग एकाचा पाय सटकायचा,
टक्,
पुन्हा बराच वेळ,
टक्.
आणि पुढचा ठोका आलाच नाही.

सांप्सा खुर्चीवरून उठला.
कुणी हुकूम दिला नाही, कुणी ताल धरला नाही,
निर्वातात तर हवासुद्धा नाही कुजबुजायला.
तो आईला फोन करून सांगत होता,
हातवारे करत, जणू ती पलीकडून बघते आहे.

मला मात्र घाम फुटला.
एकमेकांची री ओढणारे साक्षीदार
कुठल्या कोर्टात चालतात?

लहानपणी नावेची वल्ह्याची कडी तुटली तेव्हा
आईने मला सौनात बसवलं, राइलीला स्वयंपाकघरात,
आणि दोघींना वेगवेगळं विचारलं.
दोघींनी शेजारच्या कुत्र्याचं नाव घेतलं.
कुत्र्याने कडी तोडली!
आम्ही आधी ठरवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते.
एवढंच की आम्ही एका फळीवर झोपायचो,
ती कूस वळली की माझी वळायची,
आणि कोण आधी, हे झोपेत कुणाला कळतं?

म्हणजे खालची फळी शोधायची.
तीन आठवडे शोधली.
तारा बदलल्या, पंप थांबवला, लेझर दोघांना वेगवेगळा दिला.
शेवटी सापडली:
दोन्ही पडदे ज्या चौकटीला टांगले होते
तीच, माझ्याच हातची, कणभर लवत होती.
किती, ते सांगायला लाज वाटते,
अणूच्या जाडीइतकीही नाही.
तेवढं पुरलं त्यांना.

काल रात्री आयनांच्या झोताने
मी दोघांच्या मध्ये एक चर कापली.
सांप्सा काचेपाशी उभा राहिला, काही बोलला नाही.
कॉफी गार झाली, ती तशीच प्यायलो.
बाहेर तळ्यावरचं बर्फ रात्री तडकतं,
लांबून लांबपर्यंत एकच रेघ ओढल्यासारखा आवाज जातो.

पहाटे स्पीकर लावला.
सूर परत आला, कोरडा, खरखरीत.
दोघे पुन्हा परके झाले होते.
"आता मोजमाप ग्राह्य," मी म्हटलं,
आणि माझ्याच आवाजाचा मला राग आला,
कारण ती तीन आठवड्यांची शांतता
मी बिघाड म्हणूनच ऐकली होती.

राइली रोवानिएमीला असते.
नाव विकली तेव्हापासून आम्ही बोललो नाही,
कोणी विकली यावर दोघींची उत्तरं वेगळी आहेत.

वहीत नोंद केली:
चर कापली. जोड तुटला. सूर स्थिर.
तफावत पाचशे बावन्न.

पूर्वी पाचशे एकोणसाठ होती.
सांप्साने सात कुठे गेले म्हणून विचारलं.
मी पेनचं टोपण लावलं
आणि कोट शोधू लागले.